बँड मेला होता त्या वर्षी

आमच्या घरात दोन घड्याळं होती आणि दोन्ही अगदी बरोबर चालत. एक माजघरात, आईच्या शाळेच्या वेळेशी बांधलेलं. दुसरं पडवीच्या कोपऱ्यात, बाबांच्या टेबलावर, पहिल्याच्या साडेपाच तास मागे. जगभरचे रेडिओवाले एकच वेळ पाळतात, ग्रीनिचची. तिकडे कुणाच्या दारात ऊन असो की अंधार, वहीत वेळ लिहायची ती तीच. हे बाबांना इतकं स्वाभाविक वाटे की पडवीत बसलेल्या पाहुण्यांना ते सांगायचंच राहून जाई. आईची मावसबहीण एकदा त्या घड्याळाच्या भरवशावर निवांत चहा पीत बसली आणि तिची चिपळूणची गाडी गेली. त्या दिवशी आई म्हणाली होती, "या घरात ज्याला जेवायचं असेल, त्यानं आधी ठरवा कुठल्या देशात जेवायचंय ते."

बाबा व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. माझ्या लहानपणी ते वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर असत आणि उरलेले घरी. म्हणजे मला वडील होते ते पाहुण्यासारखे. आले की आई रोज सुरमई नाहीतर बांगड्याचं तिखलं करी, सोलकढीत नारळाचा हात सैल सोडी, आणि मी त्यांच्या बॅगेतून निघणाऱ्या परदेशी साबणांचा वास घेत बसे. त्यांच्याकडे मुलांशी बोलायचे विषय फार नव्हते. पण स्टीलच्या ताटलीवर चमच्यानं ठोकून त्यांनी मला मोर्स शिकवलं. कट म्हणजे टिंब, कट्ट म्हणजे रेघ. मला बाराखडीच्या आधी माझं नाव, तेजू, चमच्यानं वाजवता येत होतं. ते मीठ मागत तेही ताटलीवर वाजवून. आई म्हणे, तोंडानं मागा, नाहीतर अळणी जेवा.

बाबांची सगळी मिजास त्यांच्या कानांत होती. वादळात, खरखराटात, दहा स्टेशनं एकमेकांवर पडलेली असताना त्यातलं एक बारीक स्टेशन ते असं वेगळं काढत की कॅप्टन लोकांना बोलावून दाखवी. हे त्यांनी स्वतः सांगितलं नाही. एकदा त्यांचा जुना जहाजमित्र जयगड बंदरात आला होता, त्यानं घरी येऊन सांगितलं, आणि बाबा लाजून अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे बघत बसले. मग जहाजांवर उपग्रहाचे फोन आले आणि मोर्स गेलं. बाबांना काढलं नाही, पण इंजिनरूमच्या शेजारी बसवून विजेची बारीकसारीक कामं दिली. ती काही वर्षं त्यांनी काढली आणि एका दुपारी सगळं सामान घेऊन कायमचे घरी आले. मी तेव्हा दहावीत होते.

हौशी रेडिओचा परवाना त्यांच्याकडे आधीपासून होता. आल्याआल्या त्यांनी मुंबईहून एक वापरलेला सेट आणला आणि आमचा शेजारी दत्तू, जो पंचक्रोशीतले नारळ काढायचा, त्याला आगरातल्या दोन माडांवर चढवून तार बांधून घेतली. दत्तूला त्या तारेचा फार अभिमान. "काका, तुमचा आवाज पार अमेरिकेला जातो म्हंजे आमच्या माडावरनं जातो," असं तो रस्त्यानं जाणाऱ्याला ऐकवी. संध्याकाळी पाच वाजता बाबा पडवीत बसत, हेडफोन चढवत आणि मोर्सच्या चावीवर बोट ठेवून साऱ्या जगाला हाक देत: कुणी आहे का, कुणी आहे का, मी अमुक. कुणी उत्तर दिलं की नाव, गाव, आवाज कसा येतो, हवा कशी आहे, एवढंच बोलणं. ते संपलं की जाड वहीत एक ओळ. ही वही म्हणजे लॉग. लॉगबद्दल बाबांचा एकच नियम होता, जहाजावरून आणलेला: कानानं ऐकलं ते लिहायचं, न ऐकलेलं एक अक्षर लिहायचं नाही. "जहाज बुडालं तर माणसं खोटं बोलतील," ते म्हणत, "लॉगनं खोटं बोलता कामा नये."

पहिल्या वर्षी वही भराभरा भरली. दुसऱ्या वर्षी उत्तरं कमी झाली. तिसऱ्या वर्षी, मी बारावीत गेले तेव्हा, आठवडेच्या आठवडे कोरे जाऊ लागले. बाबा तासभर हाक देत, थांबत, ऐकत, पुन्हा देत आणि शेवटी हेडफोन काढून म्हणत, "बँड मेलाय." बँड म्हणजे रेडिओलहरींचा तो पट्टा, ज्यावर ही मंडळी बोलतात. तो सूर्यावर अवलंबून असतो. सूर्यावर डाग जास्त असले की लहरी आभाळातून परतून लांबवर पोचतात, नसले की पोचत नाहीत. त्यामुळे आमच्या घरी सूर्याला रोज शिव्या बसत. सूर्य झाला की खाऱ्या वाऱ्यानं गंजलेली तार, तार झाली की शेजारच्यांचा नवा इन्व्हर्टर. दत्तू तीनदा माडावर चढला. तिसऱ्यांदा खाली उतरून तो घाम पुसत म्हणाला, "तार झक्कास हाय काका. माडाला पन काय झालेलं नाय. आता तुमच्या त्या सूर्यावर मला चढाया सांगू नका."

त्याच दिवसांत आईचं आणि बाबांचं बोलणं जवळजवळ संपलं होतं. म्हणजे आई बोले. सैंपाकघरातून तिचा शाळेत चाळीस पोरांना पुरणारा आवाज येई: "अहो, घावनं गार होतायत. अहो, वीजबिल भरलंत का? अहो, ऐकताय ना?" आणि पडवीतून काही नाही. वर ती बघे तर हाच माणूस गडग्यावर टेकून दत्तूशी माशांच्या भावापासून भाट्याच्या खाडीतल्या गाळापर्यंत तासभर गप्पा मारतोय. "दत्तूशी बोलायला तोंड आहे, कान आहेत," आई मला म्हणे. "माझ्यासाठी वर्षानुवर्षं समुद्र होता, आता पडवी आहे." ती चिडली की तिचा आवाज आणखी चढे आणि बाबांचा चेहरा आणखी कोरा होई. मी बाबांनाच दोषी धरायची. मलाही ते पहिल्या हाकेला ओ देत नसत. मी जाऊन खांद्याला हात लावायची, ती सवयच झाली होती. मला वाटायचं, समुद्रावर राहून माणूस असाच होतो.

दिवाळी झाल्यावर एके दिवशी बाबांनी जेवताना जाहीर केलं की सेट विकायचा. चिपळूणचे एक गृहस्थ घ्यायला तयार होते, महिन्याभरानं येऊन नेणार होते. "कुणी ऐकतच नसेल तर ओरडायचं कुणासाठी?" ते म्हणाले. आईनं मान वर केली नाही. रोज पाच वाजता पडवीत जाऊन बसायला जागा नसेल तर हा माणूस करणार काय, हे मला दिसत होतं. ते सकाळी उठून काही न करता गडग्याकडे बघत बसणार होते आणि आई त्यांच्या पाठीशी बोलत राहणार होती. तो सेट म्हणजे त्यांचं उरलेलं एकमेव काम होतं.

आमच्याकडे इंटरनेट नुकतंच आलं होतं, माझ्या अभ्यासाच्या नावाखाली. टेलिफोनच्या तारेतून येणारं, पाऊस पडला की जाणारं. मी ठरवलं की बँड खरंच मेलाय का, ते बघायचं. आता वाटतं, यात बापावरची माया किती आणि नुसती चौकसपणाची खाज किती, ते सांगता येणार नाही. रसायनाचं पुस्तक पुढ्यात आणि मी शोधतेय सूर्याचे डाग. ते सापडलेही. रोजचे डाग मोजून, आज कुठला पट्टा कुठवर चालेल, ते हिरव्या-लाल रंगांत सांगणारी पानंच्या पानं होती. पृथ्वीचा एक नकाशा होता, त्यावर दिवस आणि रात्र यांची सीमारेषा हळूहळू सरकत असे. रत्नागिरी तिच्या अलीकडे की पलीकडे, हे मी दिवसातून दहा वेळा बघायची. कुठल्याही हौशी माणसाची हाकेची अक्षरं, म्हणजे परवान्यासोबत मिळणारी त्याची रेडिओवरची ओळख, टाकली की त्याचं नाव, गाव, कुत्र्यासकट फोटो दाखवणारी यादी होती. मी बाबांची अक्षरं टाकली. नाव आलं, रत्नागिरी आलं, फोटोच्या जागी काही नाही. मला उगीच वाईट वाटलं.

बाबांचं मत ठरलेलं होतं. मी हिरवा रंग दाखवला की ते चष्मा कपाळावर नेत आणि म्हणत, "हे कोण सांगतंय? ज्यानं आयुष्यात कधी हेडफोन लावला नाही तो?" तारेतून आलेला रेडिओ त्यांच्या लेखी पिशवीतल्या दुधासारखा होता, चालतं म्हणून घ्यायचं, पण म्हैस कुठे ते विचारायचं नाही. तरी मी चिकाटी सोडली नाही. आणि एका शनिवारी मला ती साइट सापडली.

झालं होतं असं, की जगभरच्या काही हौशी लोकांनी आपल्या रिसीव्हरला संगणक जोडून ठेवले होते. ते संगणक दिवसरात्र सगळा पट्टा ऐकत, मोर्समध्ये कुणी हाक देताना सापडला की त्याची अक्षरं ओळखत आणि एका सामाईक पानावर टाकत: अमक्याला तमक्यानं, इतक्या जोरात, इतक्या वाजता ऐकलं. माणूस नाही, नुसती कान देऊन बसलेली यंत्रं. मी बाबांची अक्षरं टाकली आणि एंटर दाबलं. पान भरायला लागलं. फिनलंड. जर्मनी. इटली. जपान. पुन्हा फिनलंड. वेळ बघून मी गोंधळले, कारण ती वेळ दुपारची होती आणि दुपारी बाबा झोपतात. मग डोक्यात उजेड पडला, साडेपाच तास मिळवले. ती आदली संध्याकाळ होती. त्याच संध्याकाळी सव्वासहाला बाबा हेडफोन आपटून म्हणाले होते, बँड मेलाय.

बाबांना हे लगेच सांगावं, असं मला वाटलं नाही. मला आधी कोडं सोडवायचं होतं. यांचा आवाज पोचतोय, मग कुणी उत्तर का देत नाही? दुसऱ्या दिवशी पाच वाजता बाबा पडवीत बसले आणि मी आत संगणकावर. कुणा युरोपातल्या माणसानं आपला अख्खा रिसीव्हर इंटरनेटला जोडून सर्वांना खुला ठेवला होता; आपण घरी बसून त्याची कळ फिरवायची आणि त्याच्या गच्चीवरच्या तारेतून ऐकायचं. मी इअरफोन लावले, आकडे फिरवले आणि खरखरीतून एकदम बाबा आले. मला शिकवलेल्याच हातानं, रेघ थोडी लांबवण्याच्या त्यांच्या सवयीसकट. पडवीत चावीची टकटक ऐकू येत होती आणि दीडेक सेकंदानं तीच टकटक युरोपातून फिरून माझ्या कानात शीळ होऊन वाजत होती. बाबांनी हाक संपवली. पडवीत शांतता. आणि माझ्या कानात कुणीतरी त्यांना उत्तर देऊ लागलं. स्वच्छ, सावकाश. बाबांची अक्षरं, मग त्याची स्वतःची. थांबला. पुन्हा दिली. तिसऱ्यांदा दिली. पडवीत बाबांनी पुन्हा पहिल्यापासून हाक सुरू केली, जणू काही घडलंच नव्हतं. तो माणूस आणखी एकदा थांबला आणि मग निरोपाचे दोन आकडे वाजवून निघून गेला.

मला तेव्हाही वाटलं, सेटचा दोष. सोमवारी बाबा बाजारात गेल्यावर मी त्यांचा हेडफोन लावून बसले. सेटमधून माणसं चिमण्यांसारखी बोलत होती. कुणी जोरात, कुणी बारीक, पण सगळी कळण्यासारखी. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. सूर्य ठीक होता, तार ठीक होती, माड ठीक होते.

हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. ज्या माणसाकडे कान सोडून मिरवायला काही नव्हतं, त्याला त्याच्या बारावीतल्या मुलीनं हे सांगायचं कसं? म्हणून मी शहाणपणा केला. म्हटलं, "बाबा, मला परवान्याची परीक्षा द्यायचीय. सरावाला तुमच्या शेजारी बसू?" ते खूश झाले. दुसरा हेडफोन जोडला. ते हाक देत, आणि उत्तर आलं की मी माझ्या कागदावर उतरवून घेई. कागद मात्र त्यांना दिसेलसा धरायची. ते त्यावर मास्तरासारखी नजर टाकत, "हं, बरोबर घेतलंस," म्हणत आणि चावीवर उत्तर देत. पहिल्याच संध्याकाळी तिघेजण भेटले. पंधरा दिवसांत वहीची दोन पानं भरली. बाबा जेवताना पुन्हा ताटलीवर वाजवू लागले. एकदा तर गुणगुणत आंघोळीला गेले. आई म्हणाली, "यांना काय झालंय?" आणि माझ्याकडे संशयानं बघितलं. मी मनात फुगले होते. कसं जमवलं, असं.

या भेटी पक्क्या करायला पूर्वी पोस्टानं कार्डं पाठवत. आता त्यासाठी एक ऑनलाइन लॉग होता. दोघांनी आपापली नोंद चढवायची, वेळ आणि पट्टा जुळला की भेट पक्की. मी बाबांच्या मागे लागले होते की वही द्या, मी चढवते. ते टाळत होते. आणि चिपळूणचे गृहस्थ येणार होते त्या आठवड्यातल्या गुरुवारी त्यांनी आपणहून वही माझ्यापुढे ठेवली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

मी पहिली ओळ टाईप करायला घेतली. तारीख, वेळ, पट्टा, अक्षरं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात बाबांच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: "कान: तेजू." दुसऱ्या ओळीत तेच. तिसरीत तेच. पहिल्या संध्याकाळपासून शेवटच्या संध्याकाळपर्यंत, एकही ओळ न चुकता, कान: तेजू. कान: तेजू.

मला इतकी लाज पूर्वी वाटली नव्हती, नंतरही नाही. ज्याला मी फसवत होते, त्यानं पहिल्या दिवशीच खरं लिहून ठेवलं होतं, फक्त मी वाचलं नव्हतं. मी वही घेऊन पायरीवर गेले, त्यांच्या खांद्याला हात लावला. ते वळले.

"तुझ्या त्या साइटवर शेरा लिहायला जागा आहे का गो?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. नव्हती. वेळ, पट्टा, अक्षरं, बस.

"मग नको चढवू. ते ऐकणं माझं नाही."

"कधीपासून, बाबा?" मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

"इंजिनाशेजारी बसवलं तेव्हापासून थोडं थोडं. घरी आल्यावर वाढलं. पहिल्यांदा मलाही खरंच वाटलं, सूर्य." ते हसले, पण ते हसू बघवत नव्हतं. "तू कागद माझ्याकडे कलता धरलास तेव्हा कळलं. अगो, शिकणारं पोर कागद झाकतं."

"आईला सांगूया."

"नको. ती मला शिष्ट समजते, ते चालतंय. समजू दे." मग म्हणाले, "माझ्याकडे दुसरं काय होतं? कान होते. रविवारी तो माणूस सेट न्यायला येतोय, झालं."

त्या संध्याकाळी मी रसायनाचं पुस्तक उघडलंसुद्धा नाही. म्हाताऱ्या रेडिओवाल्यांचा एक गप्पांचा फोरम मला सापडलेला होता. तिथे ही मंडळी आपल्या तारांविषयी आणि पाठदुखीविषयी लिहीत. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सगळं लिहिलं, नाव न सांगता. माझे वडील जहाजावर होते, त्यांना मोर्स ऐकू येत नाही, रविवारी सेट जाणार, काय करू. शुक्रवारी कॉलेजहून आले तर उत्तरांची रांग लागलेली. मला वाटत होतं, जगात असे बाबा एकच आहेत. तिथे तर सगळेच बहिरे निघाले! एक कॅनडाचा, तो स्पीकरच्या कागदावर बोट ठेवून मोर्स घ्यायचा. एक ऑस्ट्रेलियाचा, तो सेटचा काटा हलताना बघून. एकानं लिहिलं, माझी बायको ऐकते, मी वाजवतो, आमचं लग्न त्यामुळे टिकलंय. आणि एकानं, कुठला ते आठवत नाही, नुसता प्रश्न विचारला होता: ते किती उंच सुरावर ऐकतात?

मला प्रश्नच कळला नाही. मी त्याला तसं लिहिलं. त्यानं समजावून सांगितलं. मोर्सची शीळ ही सेटमध्ये आपण बनवतो, ती उंच ठेवायची की खाली हे ऐकणाऱ्याच्या हातात असतं. इंजिनांनी गेलेले कान वरून जातात; खालचे सूर पुष्कळदा शिल्लक असतात. जहाजावरची मंडळी मात्र शिकताना जो सूर कानात बसला, तो मरेपर्यंत बदलत नाहीत. मी वाचलं आणि मला आमच्या सेटची ती कळ आठवली. तिच्यावर बाबांनी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला होता आणि घरात कुणी ती हलवायची नाही अशी ताकीद होती.

शनिवारी पाच वाजता मी तिला हात घातला. बाबा ओरडले, "अगो, ती नाही!" मी ऐकलं नाही. शीळ खाली खाली येत गेली, चिमणीचा बेडूक झाला. त्यांनी तोंड वाकडं केलं, हेडफोन काढायला हात वर नेला आणि हात तसाच राहिला. कुणीतरी बोलत होतं. मी माझा हेडफोन आधीच काढून ठेवला होता, त्यामुळे कोण, काय, मला काही कळत नव्हतं. मला फक्त बाबांची पेन्सिल दिसत होती. ती आधी थांबत थांबत चालली, मग धावायला लागली. त्यांनी हाक दिली, उत्तर आलं, ते त्यांनी घेतलं. त्या माणसाचं नाव, गाव, हवा. बर्फ पडतंय, असं लिहून त्याखाली त्यांनी रेघ ओढली. लॉगमध्ये ओळ घातली आणि शेऱ्याचा रकाना कोरा सोडला. मी रडत होते, आणि मला ते लपवायचंही नव्हतं.

बाबांचं मात्र माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी कळ पुन्हा वर नेली, आपल्या पांढऱ्या ठिपक्यापर्यंत. ऐकलं. खाली आणली. ऐकलं. पुन्हा वर, पुन्हा खाली, नवीन खेळणं मिळाल्यासारखी. मग एकदम थांबले.

"दत्तूचा आवाज इथे," त्यांनी कळीच्या खालच्या टोकावर बोट ठेवलं. ते बोट हळूहळू वर सरकलं, ठिपक्याच्याही पलीकडे, जिथे त्यांच्या लेखी आता काहीच नव्हतं. "आणि तुझ्या आईचा कुठे असेल गो?"

ते उठले.

आता मी पस्तिशीला आले आहे. माझा स्वतःचा परवाना आहे, तीच यंत्रं आता मलाही ऐकतात, आणि बाबांच्या कानांत कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बसवलेली, मोबाईलशी बोलणारी मशिनं आहेत. चिपळूणच्या गृहस्थांना त्याच संध्याकाळी फोन गेला आणि सौदा मोडला. हे सगळं नंतरचं. पण तेव्हाची ती चळवळी पोर, म्हणजे मी, पुढे काय बघणार होते, याची मला त्या वेळी कल्पना नव्हती. मी आपली कुतूहलानं त्यांच्या मागोमाग सैंपाकघराच्या दारापर्यंत गेले.

आई नारळ खोवत बसली होती. बाबा तिच्यासमोर उभे राहिले. "सुनंदा," ते म्हणाले. तिला ते नावानं फारशी हाक मारत नसत, म्हणून तिनं वर बघितलं. "मला तुझं बोलणं ऐकू येत नाही. दत्तूचं येतं. तुझा आवाज वरचा आहे, तिथवर माझे कान पोचत नाहीत. मी मुद्दाम गप्प बसत नव्हतो."

आईचा हात थांबला. ती काहीतरी बोलली. बाबांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे त्यांना ऐकू आलं नव्हतं. तेही तिनं बघितलं. मला वाटलं, आता ही रडणार. ती भडकली. "तीन वर्षं!" ती म्हणाली. "म्हणजे तीन वर्षं मी या घरात एकटीच भांडतेय? सांगता येत नव्हतं? जगाला सांगत बसलात पडवीतून, मी काय जगाच्या बाहेर होते?" मग तिनं हात पदराला पुसले, उठली, बाबांना दंडाला धरून पाटावर बसवलं आणि स्वतः त्यांच्या उजव्या बाजूला, कानाला लागून बसली. माझ्या आईनं आवाज खाली आणलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"आता पहिल्यापासून ऐकायचं," ती म्हणाली. "तुम्ही कायमचे आलात ना, त्या दिवशी तुम्ही पडवीत बॅगा उतरवत होतात आणि मी इथूनच म्हटलं होतं, बरं झालं आलात, आता कुठे जाऊ नका. तुम्ही काहीच बोलला नाहीत."

बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"नाही जात," ते म्हणाले.